गुरुवारची मोजणी

पिंपरी, चिंचवड आणि भोसरी येथील पुष्कळशा कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्याच्या सर्व दिवसांवर विभागला जावा म्हणून एके काळी घालून दिलेली ही व्यवस्था येथल्या जीवनात इतकी मुरली आहे की साखरपुड्यापासून घराच्या रंगसफेदीपर्यंतची सारी कामे माणसे गुरुवारवर ढकलतात, आणि बाहेरगावचा पाहुणा रविवारी आला तर यजमान पहिल्या पाळीला गेलेले आढळतात. अशाच एका गुरुवारी भोसरीतील एका परिचितांच्या शेडमध्ये किरकोळ कामानिमित्त जाण्याचा योग आला. लेथ मुकाट होते, प्रेस थंड पडले होते, दिवे मालवलेले होते. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर मात्र, सुट्टीचा हुकूम त्याला कोणी बजावलाच नसावा तसा, काही मिनिटे घरघरत होता, थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. "तो असाच चालतो साहेब," वॉचमन म्हणाला, "बंद ठेवला तर सकाळी प्रेशर यायला वेळ लागतो." त्या शांततेत क्षणभर उभे राहिलो तेव्हा भिंतीवरून गेलेल्या पाइपांच्या सांध्यासांध्यांतून बारीक फुसफुस ऐकू आली, जी कामाच्या दिवशी यंत्रांच्या गोंगाटात कोणाच्याही कानी पडली नसती.

दाबाखालची हवा ही कारखान्यातील अत्यंत महाग वस्तू असून ती फुकट आहे अशा समजुतीने वापरली जाते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. आणि सात बार दाबाखालच्या वाहिनीला केवळ तीन मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र असले तर त्या छिद्रापायी सुमारे तीन किलोवॅट वीज अखंड खर्च होत राहते. वर्षाकाठी तीनशे दिवस, रात्रंदिवस, हा हिशेब मांडला तर वीस-बावीस हजार युनिटे होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जात असल्याने एका छिद्राच्या नावे वर्षाला पंधरा टन मांडावे लागतात. पूर्ण वाढ झालेला वृक्ष वर्षाला वीस-बावीस किलो कर्बवायू शोषतो असे धरले, तर ते एक छिद्र फेडण्यास सुमारे सातशे वृक्ष लागतील. पाच जूनला फाटकाशी रोप लावून छायाचित्र काढून घेणाऱ्या कारखानदारांनी हा त्रैराशिकाचा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा.

या शेडचा उल्लेख तिच्या मालकांना दोष देण्यासाठी केलेला नाही. एखाद्या आस्थापनेचा पृथ्वीवर पडणारा भार मोजावयाचा म्हणजे नेमके काय मोजावयाचे, हा जो प्रश्न सध्या मोठमोठ्या सभागृहांत चर्चिला जातो, त्याचे निदान अर्धे उत्तर त्या बंद शेडमध्ये ऐकू येत होते. जेव्हा काहीच निर्माण होत नसते तेव्हाही जे खर्च होत राहते, त्याला उत्पादनाची सबब सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी सहा वाजता विजेच्या, पाण्याच्या आणि इंधनाच्या मीटरवरचे आकडे टिपावेत, सायंकाळी सहा वाजता पुन्हा टिपावेत, आणि दोहोंची वजाबाकी करावी. त्या एका वजाबाकीत कारखान्याच्या कारभाराची जेवढी सत्यता प्रकट होते तेवढी गुळगुळीत कागदावर छापलेल्या दोनशे पानी अहवालात क्वचितच आढळते.

मोजणीचे कायदे आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. 1974 चा जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा होण्यापूर्वीच महाराष्ट्राने 1969 साली आपला स्वतःचा कायदा केला आणि 1970 साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. पुढे 1992 साली केंद्र सरकारने एक फर्मान काढून संमतिपत्र लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाने दरवर्षी पर्यावरणविषयक हिशेब सादर करावा असे ठरविले. पर्यावरण संरक्षण नियमांतील चौदाव्या नियमाखाली भरावयाचा हा 'फॉर्म पाच' 31 मार्चला संपलेल्या वर्षासाठी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाच्या कचेरीत पोहोचावा लागतो. सरकारी नमुन्यांविषयी चांगले बोलण्याची माझी प्रथा नाही, परंतु हा नमुना ज्या कोणी रचला तो शहाणा माणूस असला पाहिजे. दिवसाला किती पाणी घेतले, त्यातले प्रक्रियेला किती, शीतकरणाला किती, पिण्या-वापरण्याला किती. उत्पादनाच्या एका नगामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला, गेल्या वर्षी किती लागला होता. घातक कचरा कोणता निघाला, तो कोठे गेला. आणि सर्वांत मार्मिक म्हणजे, प्रदूषण कमी करण्यासाठी जे उपाय योजले त्यांचा नैसर्गिक साधनांच्या बचतीवर आणि उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला, हे सारे तो विचारतो. उणीव एवढीच की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दप्तरात जाते आणि दप्तरातच राहते. नदीकाठच्या ग्रामपंचायतीला ते दिसत नाही, शेजारच्या कारखानदाराला दिसत नाही, आणि बऱ्याचदा ज्या कामगाराच्या हाताखालून ते पाणी वाहत गेले त्यालाही दिसत नाही.

आता त्यावर दुसरा थर चढला आहे. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2021 साली व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा एक विस्तृत अहवाल नेमून दिला आणि 2022-23 या आर्थिक वर्षापासून तो बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना अनिवार्य केला. पाऊल योग्य दिशेचे आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यात ऊर्जा, पाणी, उत्सर्जन आणि कचरा यांचे एकूण आकडे असतात हेही खरे. परंतु सभेत मिरविला जातो तो एकूण आकडा नसून 'उलाढालीच्या दर रुपयामागे' निघालेला भागाकार असतो, आणि येथेच वाचकाने सावध राहिले पाहिजे. मोटारीची किंमत वाढली, किंवा कारखान्याने लहान गाडी सोडून दुप्पट किमतीची दांडगी गाडी काढावयास घेतली, तर धुराड्यातून एक कणही कमी न निघता दर रुपयामागचा धूर कमी झालेला दिसतो. महागाईने जे साधले ते पर्यावरणनिष्ठेच्या खात्यावर जमा होते! नगामागचा हिशेब त्याहून बरा, पण तोही पुरेसा नव्हे. एका गाडीमागचे पाणी दहा टक्क्यांनी घटविले आणि गाड्या दीडपट काढल्या, तर कागदावर प्रगती होते आणि नदीतून पूर्वीहून शेकडा पस्तीस पाणी अधिक उचलले जाते. नदीला भागाकार समजत नाही.

चुकीची मोजणी ही मोजणी नसण्यापेक्षा घातक ठरते, हा धडा याच पुणे जिल्ह्याने पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी भोगून शिकलेला आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या जमिनीची पाहणी करण्याचे काम प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. त्याने शेताचे उत्पन्न, बी-बियाणे, बैल, मजुरी या सर्वांचा सूक्ष्म हिशेब मांडून निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा 55 इतका सारा ठरविला. शास्त्र म्हणून पद्धत अप्रतिम होती. परंतु मुळातली मापे सदोष, खालच्या कारकुनांनी भरलेले आकडे लाचलुचपतीने बिघडलेले, आणि कचेरीत केलेला भागाकार मात्र निर्दोष. परिणाम असा झाला की इंदापूर तालुक्यात रयत जमिनी टाकून परागंदा झाली आणि वहितीची शिवारे पडीक पडली. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच तालुक्यात नवी मोजणी केली. तीत उत्पन्नाचा तर्कशास्त्रीय हिशेब बाजूला सारून मातीचा रंग आणि खोली प्रत्यक्ष पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरविण्याची साधी रीत होती, जी शेतकऱ्याला समजत होती आणि म्हणून जिच्याविषयी त्याला भांडता येत होते. ज्याचे मोजले जाते त्याला जी मोजणी पडताळता येत नाही ती मोजणी नव्हे, असे माझे मत या इतिहासावरून झाले आहे, आणि कर्बवायूच्या हिशेबालाही मी तीच कसोटी लावतो.

आता पाण्याकडे वळू, कारण पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात धूर दिसेनासा होतो, पाणी मात्र पुढल्या गावाला जाऊन साक्ष देते. पवना धरणातून नदीपात्रात सोडलेले पाणी रावेतला उचलले जाते, त्यावर शहरही जगते आणि उद्योगही. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आले, त्याच सुमारास टेल्को आणि बजाज आले, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि त्या सर्व काळात नदी तेवढीच राहिली. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. त्याच पवनेचे पाणी बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले, आणि त्या दिवसानंतर या खोऱ्यातील पाण्याची किंमत केवळ घनमीटरच्या दराने सांगणे कोणाही विचारी माणसाला जमू नये. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठेचे पाणी भीमेला जाते. चाकणच्या अंगाची इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत उतरते. आणि दोन्हींचा गाळसाळ पोटात घेऊन भीमा उजनीच्या जलाशयातून पंढरपूरला चंद्रभागा होऊन पोहोचते. भोसरीतल्या टाकीत बुडालेल्या नटबोल्टांचे धुणे आणि वाळवंटातले स्नान यांमध्ये अंतर आहे, पण खंड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 साली देशातील 311 नदीपट्टे प्रदूषित ठरविले, त्यांपैकी 55 एकट्या महाराष्ट्रात होते. आळंदीच्या घाटाशी तरंगणारा पांढरा फेस ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आकड्यांची फारशी आवश्यकताही नाही.

यावर उद्योजकांचा एक रास्त आक्षेप असतो. नदी आम्हीच घाण केली काय, असे ते विचारतात. शहराचे प्रक्रिया न झालेले मैलापाणी आधी पाहा म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि महापालिकेने आपला हिशेब आधी चोख ठेवला असता तर तिला दुसऱ्याच्या हिशेबावर बोट ठेवण्याचा नैतिक अधिकार अधिक राहिला असता. परंतु मैलापाण्यातला सेंद्रिय मळ जिवाणू कालांतराने पचवितात. मुलामा देण्याच्या टाकीतले षट्संयुजी क्रोमियम आणि निकेल त्यांना पचत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याचा दोष मोठा असला तरी आपली बाकी त्याने फिटत नाही.

मोजणीत सर्वांत मोठी लबाडी होते ती आकड्यांत नव्हे, हद्दीत. 2001 साली रूढ झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे उत्सर्जनाचे तीन वर्ग करतात: स्वतःच्या भट्टीतले आणि धुराड्यातले पहिले, विकत घेतलेल्या विजेमागचे दुसरे, आणि पुरवठादारांपासून विकलेल्या गाडीच्या धुरापर्यंतचे सारे तिसरे. सेबीच्या अहवालात पहिले दोन सांगणे बंधनकारक आहे, तिसरे ऐच्छिक. आता एखाद्या मोठ्या कारखान्याने आपली ओतशाळा बंद केली, मुलाम्याचे काम बाहेर दिले, आणि तीच कामे भोसरीतील किंवा कुरुळीतील एखाद्या शेडमध्ये जॉबवर्क म्हणून होऊ लागली, तर कारखान्याच्या आवारातील हवा शुद्ध होते, अहवाल शुद्ध होतो, पारितोषिकही मिळते. भट्टी फक्त कुंपणापलीकडे गेलेली असते, आणि कदाचित पूर्वीहून जुनी व अधिक धूर ओकणारी असते. मुलामा देणाऱ्या लहान शेडना एकेकट्याने सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालविणे परवडत नाही म्हणून सामायिक केंद्राची मागणी उद्योजकांच्या संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. भंगाराचेही तसेच, तेही कुंपणापलीकडे जाते. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील भंगार दुकाने, गोदामे आणि लहान कारखान्यांची अनधिकृत बांधकामे सरसकट पाडली. बांधकामे गेली, परंतु या पट्ट्यातील कारखान्यांतून भंगार निघावयाचे काही थांबले नाही.

या लहान शेडवाल्यांची स्थिती मी जवळून पाहतो म्हणून सांगतो. मोठ्या गिऱ्हाइकाकडून त्यांना साठ-साठ रकान्यांचे एक कोष्टक येते, सोबत 'अमुक तारखेपर्यंत भरून द्यावे' असा निरोप. भरण्याइतके ज्ञान नाही, मोजण्याइतके मीटर नाहीत. मग कोणी सल्लागार गाठून मागील वर्षीच्या कोष्टकात शेकडा पाच कमी करून रकाने भरले जातात. इंदापूरच्या कारकुनांनी याहून वेगळे काय केले होते? युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम आदी मालावर कर्बकराची जी योजना आखली, तिचा अहवालापुरता टप्पा 2023 च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि प्रत्यक्ष आकारणीचा 2026 च्या जानेवारीत. तिच्या कक्षेत लोखंडी स्क्रू आणि बोल्टही येतात. म्हणजे तेथे माल पाठविणाऱ्या शेडला आपल्या बोल्टामागचा कर्ब सांगता आला नाही, तर त्याची किंमत अखेर तिच्याच दरातून कापली जाणार. असे असता मोठ्या कंपन्यांनी व्हेंडरला कोष्टक धाडण्याऐवजी प्रथम दोन मीटर आणि एक जाणता फिटर धाडावा. सेबीने मूल्यसाखळीतील आकडे सांगण्याची सक्ती 2025 साली शिथिल करून ती ऐच्छिक केली, हे मला पटलेले नाही. सक्तीचा बोजा लहानांवर पडू नये ही काळजी योग्य, पण तो उचलण्याची जबाबदारी खरेदी करणाऱ्यावर टाकता आली असती.

भार कमी करण्याची विद्या या पट्ट्याला परकी नाही, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. कासारवाडीच्या फोर्ब्स मार्शलने वाफ मोजण्यावर आणि वाचविण्यावर आपला व्यवसाय उभारला, चिंचवडच्या थर्मॅक्सने वाया जाणाऱ्या उष्णतेपासून काम करून घेणारी यंत्रे बनविली. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना उभारताना सुमंत मूळगावकरांनी उजाड माळावर झाडे लावली आणि तळे केले, तेव्हा पर्यावरण हा शब्द वर्तमानपत्रांत क्वचितच दिसे. चाकणला मोठा कारखाना असलेल्या महिंद्र कंपनीने 2016 साली स्वतःच्या उत्सर्जनावर दर टनाला दहा डॉलर असा अंतर्गत कर बसविला, म्हणजे यंत्र विकत घेताना त्याच्या धुराची किंमतही हिशेबात धरावयाची. रक्कम लहान आहे, तथापि फुकट मानलेल्या वस्तूला किंमत लावली की माणसाचा हात आखडतो, हे घराघरांत ठाऊक असलेले सत्य त्यात आहे. माझा मतभेद क्रमाविषयी आहे. प्रथम छपरावर सूर्यफलक बसतात, कारण ते विमानातूनही दिसतात. मग झाडे लागतात. आणि हवेची गळती, रंगशाळेतील भट्ट्यांची वाया जाणारी उष्णता, धुण्याच्या टाक्यांतून सतत सांडणारे पाणी, चाकणच्या चौकात तासन् तास इंजिन चालू ठेवून उभे असलेले, लिटरमागे सुमारे पावणेतीन किलो कर्बवायू सोडणारे डिझेलचे ट्रक, हे सारे शेवटास राहते, कारण गळती थांबविल्याचे छायाचित्र निघत नाही. गळक्या व्यवस्थेला सौरऊर्जा पुरविणे म्हणजे फुटक्या रांजणात गंगाजल ओतणे होय.

मग करावे काय? नवा कायदा मागण्याची मला घाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली दिलेल्या आदेशानंतर घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांना फाटकाबाहेर फलक लावून आपले सांडपाणी, धूर आणि कचरा यांचे आकडे लोकांसमोर मांडावे लागतात. एमआयडीसीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांनी हे फलक पाहिले असतील, आणि कित्येकांवरचे खडूचे आकडे पावसाने पुसलेले किंवा कैक महिने न बदललेलेही पाहिले असतील. माझी विनंती कारखानदारांना आहे, त्यांच्या संघटनांना आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळालाही आहे. त्या फलकावर तीन ओळी वाढवाव्यात. गेल्या वर्षी एकूण किती पाणी घेतले आणि किती युनिटे जाळली, भागाकार न करता. ज्या शेडना काम बाहेर दिले त्यांचे तेच दोन आकडे. आणि गेल्या गुरुवारी, कारखाना बंद असताना, सकाळी सहा ते सायंकाळी सहा या बारा तासांत मीटर किती पुढे सरकले. मराठीत लिहावे, म्हणजे पाळी सुटल्यावर बाहेर पडणारा कामगार आणि समोरून जाणारा शेतकरी, दोघेही वाचतील आणि हवे तर भांडतील. खर्च खडूपुरता आहे. फलक फाटकाबाहेर टांगलेलाच आहे.